कोऱ्या काचांचा ताळा

१

वरचा खण काचांनी गच्च भरलेला होता. खालचा उघडला तर आत नुसती धूळ.

"इथे काय होतं?" आत्याने विचारलं.

"विशेष काही नाही, हेडबाई," मोठे सर म्हणाले. "कोऱ्या काचा ठेवतो तिथे. त्यांच्यावर बघण्यासारखं काही नसतं."

"मग कुणी नेल्या कशाला?"

प्रयोगशाळेच्या त्या अरुंद खोलीत आम्ही पाच जण दाटीवाटीने उभे होतो. विभागाचे प्रमुख, म्हणजे मोठे सर. काचांवरच्या नमुन्यांना रंग देणारे तंत्रज्ञ, ज्यांना सगळं हॉस्पिटल रंगारी म्हणतं. सरांच्या हाताखाली पीएचडी करणारी मुलगी, जिचं नाव रंगारींनी चिमणी असं पाडलं होतं. माझी आत्या, आणि तिची पिशवी धरून मी. रंगारी खालचा खण उघडायला मुळीच तयार नव्हते. किल्ली सापडत नाही, खण अडकतो, आत झुरळं आहेत, असं सगळं सांगून झालं. शेवटी आत्यानेच कडी धरून तो ओढला. वरच्या खणात काचा खाचांच्या ट्रेमध्ये ओळीने उभ्या होत्या. खालच्या खणातल्या धुळीत तसल्याच ट्रेंचे चौकोनी ठसे उठले होते, पण ट्रे एकही नव्हता.

आम्ही तिथे का गेलो होतो ते सांगते. आत्याच्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ होती. काठावरची. ऑपरेशन करावं असंही म्हणता यायचं आणि करू नये असंही. अशा वेळी या हॉस्पिटलात मोठ्या सरांचा नियम चालायचा. सुईने काढलेल्या तुकड्यात एक ठरावीक प्रोटीन किती आहे ते बघायचं. ते भरपूर असेल तर गाठ पुन्हा उगवणार, माणूस फार काळ काढणार नाही, मग कापाकापी कशाला? गोळ्या द्या आणि घरी पाठवा. सरांनी यावर संशोधन केलं होतं, ते नावाजलेल्या मासिकात छापून आलं होतं, आणि डॉक्टरांच्या समितीने त्याचा नियम करून टाकला होता. आत्याच्या अहवालात लिहून आलं: प्रोटीन भरपूर.

आत्याने आयुष्यभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं आणि तिथूनच मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. अहवाल वाचून ती रडली नाही. चष्मा पुसून म्हणाली, "पेपर पुन्हा तपासून हवा."

मी विमा विकते. कुठल्या वयाचा, कुठल्या दुखण्याचा माणूस साधारण किती जगतो याचे तक्ते माझ्या बॅगेत कायम असतात आणि त्यांचा मला कधी राग आला नव्हता. तो अहवाल वाचला त्या दिवशी आला.

"सफाईवाल्यांनी टाकल्या असतील," सर म्हणाले. "तुमची खरी काच वर आहे, सुरक्षित आहे. चला, दाखवतो."

आत्या अजून रिकाम्या खणाकडेच बघत होती. "ठमे," ती माझ्या कानाशी म्हणाली, "कॉपी पकडायची तर मी उत्तरपत्रिका बघत बसायचे नाही. कच्च्या कामाचा कागद मागायचे. इथे नेमकं कच्चं कामच पळवलंय."

२

सरांच्या खोलीत भिंतभर प्रशस्तिपत्रं होती आणि टेबलावर त्यांचा स्वतःचा मायक्रोस्कोप. खोलीला कुलूप, किल्ली त्यांच्या खिशात.

"याला दुसऱ्याचा हात लागलेला मला चालत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी आत्याची काच खाली सरकवली. "बघा."

आत्याने बघितलं, मग मी. पांढऱ्या टेबलक्लॉथवर चहा सांडून वाळावा तसा तपकिरी रंग सगळीकडे पसरला होता. आपल्या माणसाच्या पोटातला एक कण असा बघताना कसं वाटतं ते मला सांगता येणार नाही. मी पटकन बाजूला झाले.

"प्रत्येक पेशंटच्या दोन काचा करतो," सर समजावू लागले. माणूस वाईट नव्हता हो, आवाज तर अगदी मायेचा. "एकीवर ते प्रोटीन हुडकून त्यालाच चिकटणारं द्रव्य टाकायचं, मग रंग. जिथे प्रोटीन, तिथे तपकिरी. दुसरीवर तेवढं एक द्रव्य टाकायचं नाही, बाकी सगळं तसंच. तिच्यावर तपकिरी रंग यायलाच नको. तीच कोरी काच."

"म्हणजे ताळा," आत्या म्हणाली. "गणित सोडवलं की आम्ही ताळा करून बघतो. जमला तर उत्तर खरं."

"तसंच म्हणा."

"मग कोरी काच दिसते कशी?"

"निळी. नुसती निळी."

"तुम्ही बघता का?"

सर हसले. "कोरी पाटी कोण वाचतं, हेडबाई? कित्येक वर्षांत बघितलेली नाही."

मग त्यांनी काच काढायला घेतली, तर ती सरकेना. खालच्या पट्टीला चिकटून बसली होती. सरांनी नखाने उचकटली तेव्हा बारीकसा आवाज झाला. "आणा इकडे, मी धरते," म्हणून आत्याने ती हातात घेतली, मागून-पुढून बघितली आणि परत दिली. सर स्पिरिटचा बोळा घेऊन पट्टी पुसायला लागले. फार घाईने.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आत्याने स्वतःची बोटं नाकाशी नेली, मग माझ्या नाकाशी धरली. चिकट, उग्र, रंगाच्या डब्यासारखा वास.

"सर खोटं बोलले," ती म्हणाली. "नेमकं कुठे, ते आता शोधायचं."

३

रंगारी मोठ्या खिडकीशी, ओळीने मांडलेल्या बाटल्यांमागे बसले होते. आम्हाला बघून त्यांनी एक स्वच्छ बाटली उचलून पुसायला घेतली.

"हा कसला वास हो?" आत्याने बोटं पुढे केली.

"काच झाकायचा गोंद," ते लगेच म्हणाले. अवघड प्रश्न येईल असं वाटत असताना सोपा आला की मुलं उत्तर देतात ना, तसं. "नमुन्यावर आम्ही पातळ काच चिकटवतो. त्याशिवाय मायक्रोस्कोपखाली धड दिसत नाही."

"वरच्या खणातल्या सगळ्या झाकलेल्या आहेत?"

"सगळ्या. रंग दिल्याबरोबर झाकतो. आता खडखडीत वाळल्यात."

"माझीसुद्धा?"

"तुमची होऊन महिना झाला, बाई. गोंद जाड लागला तर फार तर आठवडाभर ओला राहतो."

"आणि कोऱ्या?"

"त्यांना कोण झाकतंय! पातळ काचा आधीच पुरत नाहीत. कोऱ्या पहिल्यापासून उघड्याच ठेवतो. कुणाला बघायचीच हुक्की आली तर तेव्हा झाकून घ्यायची."

"कुणाला आली?"

"माझ्याकडे तरी कुणी मागितली नाही."

आत्याने स्टूल ओढून घेतलं. तिला उभं राहवत नव्हतं, पण रंगारींना ते कळू नये म्हणून ती बाटल्या न्याहाळत बसली. "टाकायच्या काचा तुम्ही कशा टाकता?"

"काचेच्या डब्यात ओतायच्या. ट्रे ठेवून घ्यायचे. ट्रेंवरून आमच्याकडे भांडणं होतात, बाई. मागून मागून जीभ झिजली. ट्रे टाकणारा माणूस या विभागात टिकायचा नाही."

"रंग सुंदर येतो हो तुमचा. गडद."

रंगारी फुलले. "सरांना गडदच लागतो. फिका आला की फोटो उठावदार येत नाहीत म्हणतात. माझी रीत बदलायला लावली त्यांनी, पण रंग बघा!"

"तो खण उघडताना घाम का फुटला होता तुम्हाला?"

बाटली हातातून सुटली नाही, पण टेबलावर जोरात आपटली. रंगारींनी दाराकडे बघितलं.

"सरांनी सांगितलं होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "जागा अडते, खालच्या खणातल्या काचा टाकून द्या. मी दोन दिवस टाळाटाळ केली आणि मग उघडला. बाई, आईशपथ सांगतो, तो आधीच रिकामा होता. मी सरांना म्हटलं, झालं काम."

४

म्हणजे एकाने टाकायला सांगितल्या आणि त्याआधीच दुसऱ्याने नेल्या. मी आत्याला म्हटलं, "आता मला काही कळेनासं झालंय."

"कळेल. आधी सर्जनबाई."

सर्जनबाई ऑपरेशन थिएटरमधून नुकत्याच बाहेर आल्या होत्या, टोपीचा वळ कपाळावर होता. त्या समितीवर होत्या आणि आत्याचं ऑपरेशन व्हावं असं म्हणणाऱ्या त्या एकट्याच होत्या. आत्याचा अहवाल खोटा ठरला तर त्यांचंच म्हणणं खरं ठरणार होतं. मला त्यांचा दाट संशय आला आणि तो लपवता आला नाही.

"मी नेल्या असं वाटतंय तुम्हाला?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "कोरी काच माझ्यापुढे ठेवली तर मला ओळखूसुद्धा येणार नाही. आणि काचांचा राग काढायचाच असता ना, तर मी वरचा खण फोडला असता. त्या वरच्या खणापायी माझ्या कितीतरी पेशंटना मी हात लावू शकले नाही."

"माझ्याकडे वेळ किती?" आत्याने विचारलं.

सर्जनबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "गोड बोलू की खरं?"

"मी मुलींना कधी गोड बोलले नाही. तुम्हीही नका बोलू."

"गाठीशेजारी मोठी शीर आहे. आज मध्ये बोटभर जागा आहे. ती गेली की मीसुद्धा ऑपरेशन करणार नाही, कितीही भांडलात तरी. शुक्रवारी समिती बसतेय. त्यात झालं नाही तर नंतर होऊन उपयोग नाही."

बोटभर जागा. मी स्वतःच्या बोटाकडे बघत राहिले. मग सर्जनबाई म्हणाल्या, "एक सांगते. गेल्या आठवड्यात चिमणी माझ्याकडे आली होती. दारात उभी राहिली, काहीतरी बोलायचं होतं तिला. तेवढ्यात मागून सरांनी हाक मारली आणि ती तशीच गेली."

५

चिमणी कँटीनच्या कोपऱ्यात एकटीच डबा खात होती. खात कसली, चमच्याने नुसतं इकडचं तिकडे करत होती. आत्या तिच्यासमोर जाऊन बसली.

"मला एकच विचारायचंय, बाळ. कोरी काच दिसते कशी?"

मुलीने मान वर केली. "कशी दिसायला हवी ते विचारताय, की कशी दिसते ते?"

आणि लगेच ओठ घट्ट मिटून घेतले.

सरांनी या प्रश्नाचं उत्तर पुस्तकातून दिलं होतं, हे मला तेव्हा कळलं. या मुलीने ती काच बघितली होती.

"बरं, कशी दिसायला हवी ते सांग," आत्या म्हणाली. "वर्गात सांगतेस तसं. शनिवारी कॉलेजच्या मुलांना तूच शिकवतेस ना? फलकावर वाचलं."

चिमणी हळूहळू बोलायला लागली. "निळी दिसायला हवी. पण लिव्हरची एक भानगड आहे. तिच्यात एक जीवनसत्त्व साठलेलं असतं आणि आमचं रंगाचं द्रव्य त्यालाही धरतं. म्हणून आधी एक वेगळं द्रव्य टाकून ते जीवनसत्त्व झाकून घ्यावं लागतं. ती पायरी गाळली तर काच आपोआप तपकिरी होते. प्रोटीन असो वा नसो."

"दोन्ही काचा?"

"दोन्ही. फक्त कोरी बघितली तरच फसवणूक कळते. पहिली बघून कळत नाही."

"ती पायरी गाळल्यावर रंग कसा येतो? गडद?"

चिमणीचे डोळे भरून आले. "फार गडद."

"आपल्याकडे ती पायरी करतात?"

तिने तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हेडबाई, पेशंटने विश्रांती घ्यावी," मोठे सर म्हणाले. त्यांनी चिमणीच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि हिचा प्रबंध माझ्या टेबलावर सहीसाठी पडलाय. हिला अभ्यास करू द्या."

६

घरी आल्यावर आत्याला दोनदा उलटी झाली. मी तिचं कपाळ धरलं. तिचं डोकं हाताला इतकं हलकं लागलं की मला भीती वाटली आणि भीतीपाठोपाठ संताप आला.

"त्या पोरीकडेच आहेत काचा!" मी म्हटलं. "तिचं नाव घे समितीपुढे. झडती घेऊ दे. संपला विषय."

"आणि तिच्या प्रबंधावरची सही?"

"तुझा जीव जातोय, आत्या! तिची सही गेली खड्ड्यात."

आत्या उशीला टेकून बसली. तोंड पुसलं. "ठमे, तिचं नाव मी घेतलं की ती चोर ठरते. सर म्हणतील, पोरीनेच काचा बिघडवल्या, स्वतःची चूक लपवायला पळवल्या. मग त्या काचांवर विश्वास कोण ठेवेल? ती स्वतः उठून उभी राहिली तरच त्या काचा खऱ्या."

"आणि नाहीच उठली तर?"

"तर नाही उठली." तिने डोळे मिटले. "मला जगायचंय ग. फार जगायचंय. पण एका मुलीला फासावर चढवून मिळालेले मार्क मला नकोत."

त्यावर मी खूप बडबडले, रडले, जेवायची नाही म्हटलं. आत्या ढिम्म. तक्ते उघडून बसले तर तिच्या वयापुढचा आकडा मला वाचवेना. तो कागद मी टराटरा फाडला आणि मला जरा बरं वाटलं.

७

समितीच्या बैठकीत पेशंटला बोलवत नाहीत. सर्जनबाई आत्याला चाकाच्या खुर्चीतून आत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "यांचं ऐकून घ्यायचंय, नाहीतर मी सही करणार नाही." लांब टेबलाभोवती सगळे डॉक्टर, भिंतीवर पडदा, पडद्याला जोडलेला मायक्रोस्कोप. रंगारी आणि चिमणी भिंतीलगतच्या बाकावर बसले होते. आत्या खुर्चीतून उठून उभी राहिली. टेबलाला धरून, पण उभी.

"मी गणिताची बाई आहे, तेव्हा पायरीपायरीने सांगते," ती म्हणाली. "माझा जीव एका तपकिरी रंगावर ठरवलाय तुम्ही. त्या रंगाचा ताळा म्हणजे कोरी काच. माझीच नाही, सगळ्यांच्या कोऱ्या काचा गायब आहेत. सर म्हणाले, त्या कित्येक वर्षांत बघितलेल्या नाहीत. पण त्यांच्या मायक्रोस्कोपला ओला गोंद लागलेला होता. माझी काच वाळून महिना झाला, तरी ती तिथे चिकटली. इथल्या सगळ्या खऱ्या काचा वाळलेल्या आहेत. उघड्या असतात त्या फक्त कोऱ्या, आणि बघायच्या असतील तरच त्या झाकतात. म्हणजे कुणीतरी एक कोरी काच नुकती झाकली, सरांकडे नेली आणि सरांनी ती बघितली."

"हा निव्वळ तर्क आहे," सर म्हणाले.

"आहेच. तर्कच शिकवला मी आयुष्यभर. ती काच बघितल्यावर सरांनी रंगारींना हुकूम दिला, खण रिकामा करा. खरं की नाही?"

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. रंगारींनी चेहरा रुमालाने पुसला, सरांकडे बघितलं, मग आत्याकडे, आणि मान हलवली. "खरं आहे."

"पण त्यांच्याआधीच काचा गेल्या होत्या. ट्रेसकट. आता मला सांगा, फेकणारा माणूस ट्रे नेईल? तो काचा डब्यात ओततो आणि ट्रे ठेवून घेतो, इथली पद्धतच ती आहे. ट्रेसकट नेतो तो प्रत्येक काच आपापल्या खाचेत राहावी म्हणून. नंबर चुकू नये म्हणून. तेव्हा माझ्या हिशेबी इथे माणसं दोन आहेत. एकाला काचा नाहीशा करायच्या होत्या, त्याने चोरी केली नाही. दुसऱ्याने चोरी केली, कारण त्याला त्या वाचवायच्या होत्या."

"कोण?" टेबलावरून कुणीतरी विचारलं.

"ते मी सांगणार नाही."

सर हसले. "कारण माहीत नाही म्हणून."

"माहीत आहे. सांगणार नाही." आत्याचा आवाज चिरकला, पण खाली आला नाही. "त्या माणसाचंही काहीतरी पणाला लागलंय. माझ्यासाठी ते उधळून टाक असं मी सांगू शकत नाही. फक्त एवढंच, की बाळ, तू जर इथे असशील, तर तुझी रीत बरोबर होती."

मी नखं तळहातात रुतवून बसले होते. मग चिमणी उठली. टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ दार उघडून बाहेर निघून गेली.

"बघितलंत?" सर म्हणाले. "पोरीला घाबरवलंत. पुढचा पेशंट घेऊ या."

पुढची फाइल उघडली गेली. कुणीतरी वय वाचलं, कुणीतरी गाठीचं माप सांगितलं. सर्जनबाईंनी खाली घातलेली मान वर केली नाही. आत्या खुर्चीत बसली आणि तिने माझा हात धरला. गार पडला होता. संपलं, असं मला वाटलं, आणि त्या मुलीचा मला जन्मात आला नाही एवढा राग आला.

तेवढ्यात दार पायाने ढकलल्याचा आवाज झाला.

चिमणी ढकलगाडी घेऊन आत आली. गाडीवर ट्रेंची चळत, आणि वरच्या ट्रेवर चिकटवलेली चिठ्ठी: निरोगी लिव्हर, मुलांच्या सरावासाठी.

"शिकवायच्या कपाटात ठेवल्या होत्या," ती म्हणाली. "आपली मुलं सरावाचं कपाट कधी उघडत नाहीत."

रंगारींना हसू फुटलं आणि त्यांनी ते खोकल्यात दडवलं.

"मीच नेल्या. पहिली काच मीच झाकून सरांना दाखवली. सर म्हणाले, विसरून जा. मग मी सगळ्या झाकल्या. सगळ्या बघितल्या." तिने ट्रेमधून एक काच काढली. "ही या बाईंची. कोरी."

तिने ती मायक्रोस्कोपखाली ठेवली. पडदा उजळला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी झाला.

ताळा चुकला होता.

"एखादी काच बिघडते," सर म्हणाले.

चिमणीने दुसरी लावली. तपकिरी. तिसरी तपकिरी. मग ती लावतच गेली. प्रत्येक काचेच्या कडेला एकेक नंबर होता, म्हणजे एकेक माणूस, गोळ्या देऊन घरी पाठवलेला. त्यातले किती आता असतील कोण जाणे. सर्जनबाईंनी डोळ्यांवर हात ठेवला.

"ते जीवनसत्त्व झाकायची पायरी गाळायला सरांनीच सांगितलं होतं," रंगारी बसल्या जागेवरून म्हणाले. "फोटोसाठी. मीही विचारलं नाही, मलाही रंग आवडला."

सर पडद्याकडे बघत म्हणाले, "तरीही माझा निष्कर्ष बरोबर असू शकतो."

"असू शकतो," आत्या म्हणाली. "पण आज तुम्हालाही ते माहीत नाही. आणि तुम्हाला माहीत नसलेल्या गोष्टीपायी मी मरायला घरी जाणार नाही. मला यादीत घ्या. आणि या ट्रेमधल्या जितक्यांना बोलावता येईल तितक्यांना बोलवा."

८

नियम त्याच बैठकीत थांबवला. काचांची चौकशी लागली. चिमणीचा प्रबंध दुसऱ्या मार्गदर्शकाकडे गेला, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि ती आल्यागेल्याला ते हसत सांगायची.

ऑपरेशनच्या दिवशी आत्याला ढकलगाडीवर घेऊन थिएटरच्या दाराशी आणलं तेव्हा समोरून मोठे सर आले. हातात कागद, मागे धापा टाकत चिमणी.

"सर, आत्ता नको," ती म्हणत होती.

"पेशंटला कळायला हवं," सर म्हणाले. "हेडबाई, तुमच्या तुकड्यातला थोडा भाग शिल्लक होता. समितीने पुन्हा तपासायला लावला. सगळ्या पायऱ्या करून. मी हातसुद्धा लावला नाही, हिनेच केलं." त्यांनी कागद पुढे धरला. "प्रोटीन आहे. भरपूर आहे. मी म्हणालोच होतो."

मला वाटलं आत्ता या माणसाची कॉलर धरावी. आत्याने माझं मनगट दाबलं आणि चिमणीकडे बघितलं.

"खरं?"

"खरं, बाई," चिमणी रडत म्हणाली. "या वेळी कोरी काच निळी आली. ताळा जमला."

"शाब्बास. आणि प्रोटीन भरपूर असलं म्हणजे माणूस लवकर जातो का?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही. सगळे पेशंट पुन्हा मोजावे लागतील."

"मग मोज. मलाही धर त्यात. कुठल्या बाजूला लिहायचं ते मी शुद्धीवर आल्यावर सांगते."

मग तिने सरांकडे मान वळवली. डोळ्यांवर चष्मा नव्हता, केस टोपीत बांधलेले होते, तरी सर वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखे दिसायला लागले.

"उत्तर बरोबर आलं असेल तुमचं," आत्या म्हणाली. "पण रीत नव्हती. माझ्या शाळेत त्याला शून्य. घ्या रे मला आत."

गाडी आत गेली. चिमणी माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली आणि आम्ही एकमेकींचे हात धरले. सर कागद घेऊन तिथेच उभे होते, बहुधा त्यांनाही थांबायचं होतं. बाकावर तिसऱ्या माणसाला पुरेल एवढी जागा होती. मी तिथे आत्याची पिशवी ठेवली.